जेवणाच्या टेबलावरचं ऑफिस

मार्च २०२० मध्ये ऑफिस घरी आलं आणि मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. काम मुद्रितशोधनाचं. सकाळी नऊला बसायचे ते थेट जेवायला उठायचे, आणि जेवायचेही तिथेच. पावसाळ्यापर्यंत मान अवघडायला लागली. मग रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की बरं वाटायचं, म्हणून मी झटकत राहिले. सात महिने.

डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘करंगळीलाही मुंग्या येतात?’ नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं एवढंच. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नर्व्ह दाबली जात होती. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. मनगट तासन्‌तास वर वाकलेलं राहिलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो.

ते वाकत का होतं, हे मला मोजपट्टीनं सांगितलं. त्याआधी मी महागडी खुर्ची घेऊन पाहिली होती. काही फरक पडला नव्हता, कारण चूक खुर्चीत नव्हतीच. टेबल तीस इंच उंच, आणि पाय जमिनीवर टेकवून बसल्यावर माझं कोपर जेमतेम पंचवीस इंचांवर. पाच इंचांची ही तफावत माझे खांदे आणि मनगटं रोज भरून काढत होती. म्हणून खरेदीआधी मोजा. खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात ठेवून बसा. बोटं जिथे येतील तिथे कीबोर्ड हवा. टेबल खाली घेता येत नसेल, तर स्वतः वर या. मी खुर्ची वर घेतली. पाय लोंबकळायला लागले, तेव्हा घरातला उंच पाट पायांखाली घेतला. तो आजही तिथेच आहे.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. त्याचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. हात नीट ठेवले तर मान झुकते, पडदा वर उचलला तर हात लटकतात. दिवसभर काम करणाऱ्यानं वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यायलाच हवा, यात मला तडजोड दिसत नाही. मग लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवा: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा थोडा खालीच ठेवा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान पुन्हा धरते. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी.

एवढं जमवूनही अर्ध्या तासानं उठायचंच. मी पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवते.

आणि बोटं बधिर होत असतील तर मलम, शेक, घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा वेळेत बांधला तर पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. मी उशिरा गेले. उजव्या अंगठ्याची ताकद अजून पूर्ण परतलेली नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी आजही डाव्या हातानं उघडते.