गळाचा दांडा : जोडणीचा क्रम व त्याचीं कारणें

हस्तोद्योगाच्या तासाला "आधीं हें, मग तें" असें गुरुजन सांगतात, तेव्हां पुष्कळ विद्यार्थ्यांस तो केवळ शिस्तीचा हट्ट वाटतो. वास्तविक पाहतां कारागिरींतील क्रम हुकमानें ठरत नसून वस्तूच्या स्वभावानें ठरतो. याचें एक सुबोध उदाहरण म्हणून मासे धरण्याच्या एका विशेष दांड्याची जोडणी आम्ही येथें सांगत आहों.

आपल्याकडे नदीकांठीं मुलें काठीच्या टोंकाला दोरी बांधून गळ टाकतात. इंग्लंड-अमेरिकेंत ट्राउट माशासाठीं निराळी रीत आहे. तेथें गळाला गांडूळ न लावतां पिसें व धागा यांची कृत्रिम माशी बांधतात. ती इतकी हलकी, कीं जाड दोरीच्या वजनानेंच ती दूर फेंकावी लागते. यासाठीं दांडा मुठीपासून टोंकापर्यंत चाबकाप्रमाणें एकसारख्या बाकानें वांकला पाहिजे. एकाच ठिकाणीं सारा ताण आला, तर तो तेथेंच मोडतो.

अमेरिकेंत ईस्टन गांवच्या सॅम्युएल फिलिप यानें सुमारें 1845 सालीं असे दांडे चिरलेल्या बांबूचे बनविले. त्या काळीं हा बांबू हिंदुस्थानांतून जाई व 'कलकत्ता' या नांवानें ओळखला जाई. पुढें दक्षिण चीनमधील 'टोंकिन' बांबूनें त्याची जागा घेतली. बांबू उभा चिरून रंध्यानें तिकोनी कांबी करितात व अशा 6 कांबी चिकटवून षट्कोनी दांडा साधतात. निर्मात्यानें बांबूचें खरें बळ सालीलगतच्या तंतूंत ठेविलें आहे. म्हणून ती बाजू बाहेर ठेवितात. असे दोन-तीन तुकडे तयार झाले, कीं जोडणीस आरंभ होतो.

पहिली पायरी धातूच्या सांध्यांची. तुकड्यांचीं टोंकें गोल करून त्यांवर सांधे चिकटवितात. तुकडे एकमेकांत बसल्यावांचून सबंध दांड्याचा बाक दिसत नाहीं, म्हणून हें काम प्रथम.

दुसरी पायरी मुठीची. बुचाच्या चकत्या ओंवून चिकटवितात, पूर्ण वाळूं देतात, व दांडा फिरवीत काचकागदानें त्यांस आकार देतात. मुठीमागें रिळाची बैठक येते. दोरीच्या कड्या अगोदर बांधल्या असत्या, तर चकत्या पुढून सरकल्या नसत्या व दांडाहि नीट फिरला नसता.

तिसरी पायरी टोंकावरील कडीची. ती व रिळाची बैठक एका रेषेंत असावी.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. उरलेल्या कड्या चिकटपट्टीनें तात्पुरत्या लावून, दोरी ओंवून दांडा वांकवावा. दोरी दांड्याच्या बाकाबरोबर गेली पाहिजे. दोन कड्यांमध्यें ती बाक सोडून सरळ ताणली गेली, तर कड्या सरकवून पुन्हा पाहावें.

पांचवी पायरी रेशमी धाग्याची. कड्यांचे पाय कानशीनें निमुळते करून त्यांवर धाग्याचे वेढे एकमेकांस लागून घालावे. शेवटीं व्हार्निशचे पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. व्हार्निश शेवटीं कां? तर सरस उघड्या बांबूला जसा धरतो, तसा व्हार्निशवर धरीत नाहीं.

आम्हीं आपला पहिला दांडा केला, तेव्हां चौथी पायरी गाळली. कड्या केवळ मोजपट्टीनें मोजून बांधल्या व व्हार्निशहि दिलें. मग दोरी ओंवून पाहतों, तों बाक एके ठिकाणीं तुटका दिसला. धागे चाकूनें कापावे लागले. त्यांत पात्याचें टोंक सालींत किंचित् रुतलें. ओरखडा इतका लहान, कीं आम्हीं त्याकडे दुर्लक्ष केलें. परंतु पहिल्याच मोठ्या माशाच्या ओढीनें दांडा बरोबर तेथेंच मोडला. जें तपासण्यास अर्धा तास लागला असता, त्यासाठीं कित्येक आठवड्यांचे श्रम गेले.

आज बहुतेक दांडे कार्बनच्या तंतूंच्या पोकळ नळ्यांचे होतात व एक नळी दुसरींत बसते, त्यामुळें धातूचे सांधे लागत नाहींत. तरी आधीं मूठ, मग टोंक, मग कड्यांची परीक्षा, नंतर धागा व शेवटीं लेप हा क्रम बहुधा तसाच पाळतात. साहित्य बदललें, कारणें बदललीं नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, ज्या पायरीनंतर मागें फिरतां येत नाहीं, तिच्यापूर्वी थांबून पाहणें हेंच या क्रमाचें मर्म आहे. आणि पालकांस आमची एवढीच विनंति, कीं आपला मुलगा किंवा मुलगी सरस वाळण्याची वाट पाहत स्वस्थ बसलेली दिसली, तर त्यांस आळशी म्हणूं नये. त्या वेळीं तीं कामच करीत असतात.