चेंडूवाचूनचा खेळ

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. मैदानावर खेळाडू बावीस आणि चेंडू मात्र एकच. हा चेंडू क्षणभरही रिकामा न राहता बावीस जणांत सारखा वाटला गेला असे धरले, तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात. प्रत्यक्षात चेंडू पुष्कळ वेळ हवेत असतो, रेषेबाहेर जातो, पंचांच्या शिटीने थांबतो. त्यामुळे हा वाटा आणखी लहान होतो. मग उरलेल्या पंच्याऐंशीहून अधिक मिनिटांत खेळाडू काय करतो? चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातील अंतर बहुतांशी या प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

शाळेच्या मैदानावर नवशिकी मुले खेळताना पाहावीत. जिकडे चेंडू, तिकडे सगळा घोळका. पायांत पाय अडकतात, धूळ उडते, प्रत्येक जण प्राणपणाने धावतो आणि दहा मिनिटांत सगळे दमून जातात. अशा वेळी घोळक्याबाहेर एखादा मुलगा मोकळ्या जागी एकटाच उभा असलेला दिसतो. त्याच्याकडे कोणी चेंडू देत नाही, उलट, "धावत का नाहीस?" म्हणून त्यालाच बोलणी खावी लागतात. कदाचित तो खरोखरच आळशी असेल. परंतु असेही असू शकेल की, त्या सगळ्या मुलांत खेळ कळलेला तो एकटाच आहे. या दोहोंतील भेद ओळखणे हे शिक्षकाचे काम होय. आणि तो ओळखता आला नाही, तर एक चांगला खेळाडू मैदान सोडून कायमचा घरी जातो.

मुलांना फुटबॉल शिकवायचा म्हणजे त्यांच्या अंगी तीन गोष्टी बाणवायच्या: परिश्रम, कौशल्य आणि खेळाची जाण.

यांपैकी परिश्रम ही गोष्ट सर्वांत सोपी वाटते. मैदानाला दहा फेऱ्या मारल्या, घाम निथळला, की परिश्रम झाले असे पुष्कळांना वाटते. फेऱ्यांनी दम वाढतो, हे खरे. कोल्हापुरात तर तालमींचे फुटबॉल संघ आहेत. अंगमेहनतीचे महत्त्व त्या मातीला कोणी सांगावयास नको. परंतु फुटबॉलमधील खरा परिश्रम काही वेगळाच असतो. चेंडू आपल्या हातून, म्हणजे आपल्या पायातून, निसटला की निराश होऊन उभे न राहता तत्काळ मागे धावणे. सोबत्याच्या मदतीसाठी मोकळ्या जागी धाव घेणे, आणि चेंडू आला नाही तरी पुढच्या वेळी पुन्हा तितक्याच उत्साहाने धावणे. हा तो परिश्रम. एखादा खेळाडू बाजूला धावतो, प्रतिस्पर्धी त्याच्या मागे जातो, मध्ये जागा मोकळी होते आणि तेथून दुसराच कोणी गोल करतो. टाळ्या गोल करणाऱ्याला मिळतात. ज्याच्या धावण्याने वाट मोकळी झाली, त्याचे नाव कोणी घेत नाही. असे नाव न होणारे कष्ट जो आनंदाने करतो, तोच संघाचा खरा आधार असतो.

दुसरी गोष्ट कौशल्याची. अंगावर आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात आपल्या ताब्यात घेणे, पावलाच्या आतल्या बाजूने तो नेमका सोबत्याच्या पायाशी पोहोचवणे, डोक्याने त्याला दिशा देणे, ही कामे वरकरणी साधी दिसतात; परंतु ती हजारो वेळा केल्यावाचून अंगवळणी पडत नाहीत. त्यातही एक अडचण आहे. बहुतेक मुलांचा एकच पाय चालतो. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायावर चेंडू आला की गोंधळतो, चेंडू उजवीकडे घेण्यात एक क्षण घालवतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी येऊन ठाकतो. ज्याला एकच पाय आहे, त्याची एकच बाजू अडवली की काम भागते. जो पाय दुबळा, त्यालाच अधिक सराव हवा; मुले मात्र सहसा चांगल्या पायालाच अधिक राबवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे खेळाची जाण. जाण म्हणजे काय? चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच मान वर करून पाहणे; सोबती कोठे आहेत, प्रतिस्पर्धी कोठे आहेत आणि मोकळी जागा कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी तयार ठेवणे; आणि चेंडू येताच त्याप्रमाणे कृती करणे. ज्याला हे साधते, त्याला इतरांपेक्षा अधिक वेळ मिळतो असे वाटते. वास्तविक वेळ सर्वांना सारखाच असतो. त्याने आपला विचार अगोदरच केलेला असतो, इतकेच. परिश्रम आणि कौशल्य ही दोन्ही या जाणिवेवाचून वाया जातात. भलत्या जागी वेगाने पोहोचण्याने काय लाभ? आणि नको त्या सोबत्याला अचूक पास देण्याने तरी काय साधणार?

फेऱ्या मारून दम वाढतो, सरावाने कौशल्य वाढते. परंतु जाण कशी वाढवावी? ती व्याख्यानाने येत नाही, फळ्यावर खडूने बाण काढूनही येत नाही. या प्रश्नाचे उत्तर हैदराबादच्या एका शाळामास्तरांनी आपल्या कृतीने दिले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि पुढे शारीरिक शिक्षणाचेही शिक्षण घेतले. हैदराबाद सिटी पोलीस संघाला त्यांनी असे घडवले की, त्या काळी मुंबईत भरणारी प्रतिष्ठेची रोव्हर्स चषक स्पर्धा त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९५१ साली नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

परंतु पुढच्याच वर्षी कठोर परीक्षा झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे पराभूत केले. तेथील थंडीत आपले काही खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. पायांत बूट आले. परंतु केवळ बुटांनी खेळ सुधारत नाही, हे रहीमसाहेब जाणून होते. पुढील वर्षी, १९५३ मध्ये, हंगेरीच्या संघाने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ६–३ असे नमवले. हंगेरीचा मधला आघाडीचा खेळाडू नेहमीच्या जागी उभा न राहता मागे येऊन खेळे, आणि त्याला अडवावयास पुढे यावे की जागीच राहावे, हे इंग्लंडच्या बचावाला कळेनासे होई. हा खेळ म्हणजे मोकळी जागा निर्माण करण्याची विद्याच होती. रहीमसाहेबांनी तिचा अभ्यास करून ती आपल्या संघात आणली.

त्यांचे याहूनही मोठे काम हैदराबादच्या पोरांमध्ये झाले. त्यांनी मुलांसाठी निराळ्याच नियमांचे सामने भरवले. एका प्रकारच्या सामन्यात चेंडू पायात खेळवत पुढे नेण्यास बंदी असे. आलेला चेंडू लगेच दुसऱ्याला द्यावा लागे. दुसऱ्या प्रकारात फक्त दुबळ्या पायानेच खेळावयाचे असे. वरवर पाहता ही गंमत वाटेल. परंतु तिच्यामागील विचार पाहा. चेंडू पायात ठेवता येत नाही, म्हणून तो येण्यापूर्वीच कोणाला द्यावयाचा हे ठरवणे भाग पडते. म्हणून मान आपोआप वर होते. सोबत्यांनाही जागेवर उभे राहून चालत नाही. त्यांनी मोकळ्या जागी धाव घेतली नाही, तर पास द्यावयाचा कोणाला? आणि पास एकाच स्पर्शात द्यावयाचा म्हणजे तो अचूकही असला पाहिजे. अशा रीतीने एका लहानशा नियमाने परिश्रम, कौशल्य आणि जाण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवल्या. मास्तरांना ओरडावे लागले नाही. नियमच मास्तर झाला.

मुलांना खेळातूनच खेळ समजावा, या विचाराला पुढे शिक्षणशास्त्रातही स्थान मिळाले. इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये अशाच स्वरूपाची अध्यापनपद्धती मांडली. अगोदर सगळी कौशल्ये सुटी सुटी घोटून घ्यावयाची आणि मग खेळ, असा क्रम न ठेवता, सोप्या केलेल्या खेळापासून आरंभ करून त्यातून 'काय करावे' आणि 'कसे करावे' हे मुलांना उमगू द्यावे, असा तिचा आशय आहे.

रहीमसाहेबांच्या शिकवणीचे फळ १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. सिकंदराबादजवळच्या एका गरीब घरातून त्यांनी हेरलेले तुळशीदास बलराम त्या संघात होते. मूळचे गोमंतकीय आणि मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसोझाही होते. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसोझांनी तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४–२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाशीच गाठ पडली. या वेळी पहिला गोल भारताने केला. पुढे भारत ४–१ असा हरला आणि स्पर्धेत चौथा आला. चारच वर्षांपूर्वी ज्या संघाने आपल्याला दहा गोल करून लोळवले होते, त्याच्यापुढे आघाडी घेण्यापर्यंतचा हा प्रवास काही लहान नव्हे.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि तो भारताने २–० असा गमावला. पुढे थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावफळीतील त्यांची नेहमीची जागा सांभाळणे त्यांना कठीण झाले. दुसऱ्या एखाद्याने त्यांना विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीत खेळवले. उपांत्य सामन्यातही जर्नेलसिंग यांनी गोल केला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी झालेल्या अंतिम सामन्यातही. प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने २–१ असा विजय मिळवला. ज्या संघाला पहिल्या सामन्यात उत्तर सापडले नाही, त्याला शेवटच्या सामन्यात ते सापडले.

त्या दिवसांत रहीमसाहेब कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०२३ पर्यंत झालेल्या कोणत्याही आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही. चांगला शिक्षक गेल्यावर त्याची पद्धती पुढे चालवणारे हात नसतील तर काय होते, याचा विचार या ठिकाणी प्रत्येकाने करावा.

ही पद्धती चालवण्यास मोठे मैदान लागत नाही. दहा पावलांचा एक चौकोन आखावा. चार मुलांनी चार बाजूंस उभे राहावे, पाचव्याने मध्ये. बाहेरच्या चौघांनी चेंडू एकमेकांना द्यावा, मधल्याने तो अडवावा. ज्याचा चेंडू अडेल, त्याने मध्ये यावे. आरंभी हवे तितके स्पर्श करू द्यावेत, मग दोन, मग एकच. काही दिवसांनी फक्त डाव्या पायाची अट घालावी. शिक्षकाने मध्येच खेळ थांबवून मुलांना विचारावे, "आता चेंडू कोणाकडे द्यावयास हवा होता? का?" उत्तर सांगू नये, मुलांनाच शोधू द्यावे. चार दिवसांत असे दिसेल की, चेंडू देऊन झाल्यावर मुलगा जागी थांबत नाही, सोबत्याला सोयीचे पडेल अशा जागी सरकतो.

येथेच खेळाचे खरे शिक्षण सुरू होते. चेंडू आपल्याजवळ नसतानाही आपण संघाचे देणे लागतो, ही जाणीव ज्याला झाली, तो मैदानावर कधीच रिकामा नसतो. घरात, शाळेत आणि समाजातही प्रत्येकाच्या पायाशी चेंडू असण्याचा काळ थोडाच असतो. उरलेल्या काळात मान वर करून सोबत्यांकडे पाहण्याची सवय ज्याने लहानपणी मैदानावर लावून घेतली, त्याला ती जन्मभर पुरते.

अभ्यास

१. सामन्यातील बहुतेक वेळ खेळाडू चेंडूवाचून खेळतो, हे लेखकाने कोणत्या हिशोबाने पटवून दिले आहे?
२. 'नियमच मास्तर झाला' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. दुबळ्या पायाने खेळण्याच्या सामन्यांचा हेतू काय असावा? तुमच्या शब्दांत लिहा.
४. हेलसिंकी (१९५२) आणि मेलबर्न (१९५६) येथील भारताच्या कामगिरीची तुलना करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: अंगी बाणणे, अंगवळणी पडणे, बोलणी खाणे, गाठ पडणे.
६. कबड्डी किंवा खो-खो या खेळांत खेळाची जाण वाढवील असा एक नवा नियम सुचवा आणि त्याचे कारण लिहा.