धुराची रक्तातील साक्ष

आगीत सापडलेला मनुष्य ज्वालांनी भाजूनच मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बंदिस्त घरात किंवा गोदामात आग लागली असता ज्वाला पोहोचण्यापूर्वीच धुराने अनेकांचा बळी घेतलेला असतो. लाकूड, कापड वा कडबा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूस धरून ठेवते. साहजिकच शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो.

दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत जानेवारी १८९६ मध्ये स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी तेथील मृतदेह तपासले, तेव्हा बहुसंख्य कामगार स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मरण पावल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या रक्ताचा लालभडक रंग हीच त्याची खूण होती. हा रंग हॉल्डेन यांच्या परिचयाचा होता, कारण आदल्याच वर्षी त्यांनी हा वायू स्वतः हुंगून आपल्या रक्तावरील परिणाम मोजले होते!

न्यायवैद्यकातील तपासणीमागील तत्त्व साधे आहे. मृत मनुष्य श्वास घेत नाही. म्हणून जळालेल्या देहातील रक्तात हा वायू पुरेशा प्रमाणात असेल व श्वासनलिकेत खोलवर काजळी आढळली, तर आग लागली तेव्हा ती व्यक्ती जिवंत होती, असे म्हणता येते. दोन्ही खुणा नसतील, तर खून करून पुरावा नष्ट करण्यासाठी देह जाळला असावा काय, हा प्रश्न तपास अधिकाऱ्यापुढे उभा राहतो.

प्राथमिक परीक्षा अगदी सोपी आहे. रक्ताचे काही थेंब पाण्यात मिसळून त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घातल्यास साधे रक्त हिरवट तपकिरी होते. विषारलेले रक्त काही काळ गुलाबीच राहते. निश्चित प्रमाण मात्र प्रयोगशाळेत वर्णपटमापकानेच ठरवावे लागते. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले असल्यास ते सामान्यतः प्राणघातक समजतात. वृद्ध व हृदयरोगी याहून कमी प्रमाणातही दगावतात. उलट, धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात दहा टक्क्यांपर्यंत हा वायू एरवीही असू शकतो.

येथे घाईचे अनुमान धोक्याचे ठरते. अंगावर रॉकेल पडून उघड्या जागी भडका उडाल्यास मृत्यू होऊनही रक्तात हा वायू अत्यल्प सापडतो. भाजलेली व्यक्ती रुग्णालयात एखादा दिवस जगली, तर वायू श्वासावाटे निघून जातो. साध्या हवेत त्याचे प्रमाण चार-पाच तासांत निम्मे होते व प्राणवायू दिल्यास त्याहूनही लवकर. शिवाय आग कोणी लावली, हे रक्त कधीच सांगत नाही. विवाहितेच्या जळून झालेल्या मृत्यूत ही मर्यादा विशेष लक्षात ठेवावी लागते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ अन्वये अशा मृत्यूचा पंचनामा शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष होतो. ग्रामपंचायतीचे सदस्य पुष्कळदा हेच पंच असतात. मुठी वळलेला, हात-पाय आखडलेला देह पाहून ‘झटापट झाली’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात उष्णतेने स्नायू आकसल्यामुळे मृतदेहासही तशी ठेवण येते. दाराची कडी आतून होती की बाहेरून, नाकपुड्यांत काजळी होती काय, देह कोणत्या खोलीत होता, या बाबी नोंदविणे अधिक उपयोगाचे. देह धुऊ नये. उत्तरीय तपासणीपूर्वी अंत्यविधी उरकला, तर रक्तातील ही साक्ष कायमची जाते. कातडी कोळशासारखी झालेली असली, तरी हृदयात वा खोलवरच्या रक्तवाहिन्यांत तपासणीपुरते रक्त बहुधा मिळते. ते सोडियम फ्लोराइड घालून, बाटली काठोकाठ भरून व मोहोरबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविले जाते. बाटलीत हवा राहिल्यास वायूचे प्रमाण घटण्याचा संभव असतो.