बोक्याची लघवी अडली तर

घरात नर मांजर असेल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथतो आहे आणि ट्रे कोरडाच राहतो आहे, तर उद्याची वाट बघायची नाही.

आमच्या बोक्याचं हेच झालं. ‘पोट साफ होत नाहीये गं त्याचं,’ शेजारच्या काकू म्हणाल्या. जवळच्या दवाखान्यातही तेच निदान झालं आणि पोट साफ होण्याचं औषध मिळालं. रात्री उलट्या सुरू झाल्या, पंजे गार पडले, तसं त्याला घेऊन आम्ही चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या प्राणी-रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘शेवटची लघवी कधी झाली?’ मूत्राशय मोसंबीसारखं टणक झालं होतं.

मला वाटलं, आता लगेच नळी घालतील. त्यांनी आधी ईसीजी लावला आणि रक्त घेतलं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. श्लेष्मा, स्फटिक किंवा बारीक खडा अडकला की लघवी तुंबते. मग मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. अशा अवस्थेत थेट भूल दिली तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून आधी हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियम, मग पोटॅशियम पेशींत ढकलायला ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, आणि ठोके सावरल्यावरच भूल व कॅथेटर. रक्तातलं पोटॅशियम काही मिनिटांत दाखवणारं यंत्र शेजारीच होतं, म्हणून हा क्रम पाळता आला. माझ्या मते आमचा बोका वाचला तो इथेच.

मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण पाळीव प्राण्यांसाठी आयसीयू, सीटी स्कॅन, एमआरआय एकाच छताखाली असणं ही अगदी अलीकडची गोष्ट. महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय सुरू झालं ते २०२४ मध्ये. लहान गावांत हे अजून पोहोचलेलं नाही. म्हणून रात्री डॉक्टर असणारं सगळ्यांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच शोधून नंबर फोनमध्ये ठेवा. अंतर लांब असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, निघण्यापूर्वी सुईने मूत्राशय रिकामं करता येईल का? त्याने अडथळा जात नाही, पण प्रवासापुरता वेळ मिळतो.

तिथे पोचल्यावर खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यात संकोच कसला? कॅथेटर किती दिवस राहील, रोज रक्त तपासणार का, खडे आहेत का हे एक्स-रे किंवा सोनोग्राफीने बघणार का, हेही विचारा. स्ट्रुव्हाइटचे खडे विशिष्ट आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. आणि माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही, अगदी तुकडाभरसुद्धा देऊ नका. ती त्याच्यासाठी विष आहे.

अडथळा निघाल्यावर लघवी धो-धो होऊ लागते, तेवढं सलाइन नसेल तर शरीर कोरडं पडतं. त्यामुळे ‘मोकळा झाला, आता घरी नेतो’ अशी घाई करू नका. घरी आल्यावर पहिले काही दिवस पुन्हा अडण्याची भीती सर्वांत जास्त असते. ओलं खाणं, जागोजागी पाणी, एक जादा ट्रे आणि शांत कोपरा. ताणामुळेही हा आजार उलटतो. वारंवार अडलंच, तर मूत्रमार्गाचं तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया होते. ती ज्यांच्या हाताखालून नेहमी जाते, अशाच सर्जनकडून करून घ्या.