संडासाच्या टाकीचा हिशेब

‘अशी टाकी बांधून देतो की वीस वर्षं उपसायला नको.’ घर बांधताना ठेकेदाराकडून हे ऐकलं, तर लगेच विचारा, टाकीला तळ आहे का? आपल्याकडे गावोगाव सेप्टिक टँक म्हणून जे बांधलं जातं, तो पुष्कळदा बिनतळाचा खड्डा असतो. मैल्याचं पाणी थेट जमिनीत जातं, म्हणून तो भरत नाही. त्याच जमिनीतून आपली आणि शेजाऱ्याची विहीर भरते. कोब्याचे वाचलेले चार-पाच हजार रुपये पुढे डॉक्टरकडे आणि पाण्याच्या टँकरवर जातात.

नीट बांधलेल्या टाकीचं काम असं चालतं. जड मैला तळाशी बसतो, तेलकट भाग वर सायीसारखा धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे शोषखड्ड्यात सरकतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ कुजवतात. त्याने गाळ कमी होतो, संपत नाही, म्हणून उपसा करावाच लागतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला ‘टी’ बसवायची ती वरची साय पुढे जाऊ नये आणि तळाचा गाळ ढवळू नये म्हणून. ही टी दोनतीनशे रुपयांची वस्तू आहे, पण ती नसली की गाळ शोषखड्ड्यात उतरतो आणि खड्डा कायमचा बुजतो. बाहेर पडणारं पाणी कितीही निवळ दिसलं तरी त्यात रोगजंतू असतात. ते उघड्या गटारात सोडू नका.

आकारासाठी भारतीय मानक आयएस २४७० आहे. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी पुरते. दहा माणसं असतील आणि दोन वर्षांनी उपसा करायचा असेल, तर २ मीटर लांब, ९० सेंमी रुंद आणि १.४ मीटर खोल. पाण्याच्या वर ३० सेंमी जागा मोकळी ठेवायची. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी या टाकीत घेऊ नका. त्याच्या लोंढ्याने गाळ बसायला वेळच मिळत नाही. ते परसातल्या केळीला द्या.

दहा माणसांच्या या टाकीचा हिशेब मांडू. खोदाई सुमारे १२ घनमीटर, म्हणजे चार ब्रासच्या थोडी वर. नऊ इंची भिंती आणि मधला पडदा धरून साधारण १४०० विटा. सिमेंट १५ गोण्यांच्या आसपास. त्यावर तळाचा कोबा, आतून गिलावा, वरचा स्लॅब, झाकणं, पाइप आणि मजुरी. आजच्या भावाने पन्नास ते सत्तर हजार धरा, शोषखड्ड्याचे आठ-पंधरा हजार वेगळे. हा अंदाज मुरमाच्या जमिनीचा आहे. खाली काळा पाषाण लागला तर ब्रेकरचं भाडं सगळा हिशेब बिघडवतं, म्हणून ठरवतानाच दगड लागल्यास दर काय, ते कागदावर लिहून घ्या. कोकणात विटांऐवजी जांभ्याचा चिरा वापरतात. जांभा पाणी शोषतो, तेव्हा आतला गिलावा जाड आणि वॉटरप्रूफ हवाच. तयार प्लास्टिकच्या टाक्या एका दिवसात बसतात, लहान कुटुंबाला त्या परवडतातही. मात्र भरपावसात पाण्याची पातळी वर येते तिथे रिकामी टाकी तरंगून उचलली जाते. ती पाण्याने भरूनच भोवतीची माती दाबायची.

गवंड्याचे शेवटचे पैसे देण्याआधी टाकी काठोकाठ भरा. भिंती पाणी पिऊन घेतात, म्हणून एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा भरा. मग पातळीवर खिळ्याने रेघ ओढून झाकण ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी रेघेखाली बोटभर उतरलं असेल तर गिलावा पुन्हा करून घ्यायचा. भांडून घ्या, कारण एकदा वापर सुरू झाला की हे काम कोणी करणार नाही.

शोषखड्ड्याची जागा मी टाकीपेक्षाही महत्त्वाची मानतो. पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर अंतर मानकात सांगितलं आहे. विहीर उताराला असेल तर याहून लांब जा. खोदण्याआधी तिथे वीतभर रुंद भोक पाडून ते पाण्याने भिजवा, मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हे नेहमी घडतं. अशा ठिकाणी ठेकेदाराचं न ऐकता स्थानिक अभियंत्याचा सल्ला घ्या. त्याची फी वसूल होते.

आता उपसा. दोन-तीन वर्षांनी एकदा, हा साधा नियम. नक्की कळायला हवं असेल तर लांब काठीच्या टोकाला जुना टॉवेल गुंडाळा, झाकण उघडून थोडा वेळ दूर थांबा, मग काठी सावकाश तळापर्यंत नेऊन वर काढा. वाकून आत डोकावू नका, जवळ विडी-काडी नको. टॉवेलवर काळा गाळ कुठवर चिकटला ते स्पष्ट दिसतं. गाळ आणि वरची साय मिळून निम्म्या खोलीवर आले असतील तर गाडी बोलवा. गाडीचे दीड ते पाच हजार पडतात, अंतरावर अवलंबून. नगरपालिकेची गाडी सहसा स्वस्त असते, पण नंबर लावावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर भाव चढतात, तेव्हा हिवाळ्यात उरकून घ्या. तीन-पाच हजार लिटरच्या गाडीत वर सांगितलेली टाकी एका फेरीत रिकामी होते. दोन फेऱ्यांचे पैसे मागितले तर कारण विचारा. तळाशी थोडा गाळ राहू द्यायचा, जिवाणू त्यातूनच वाढतात. ‘ही पावडर टाका, उपसा नको’ म्हणून विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

आणि माणूस आत उतरवायचा नाही. ‘पाचशे जास्त द्या, पोरगा उतरून साफ करेल’ असं कोणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो जास्त असला की आधी वास येणंच बंद होतं आणि माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही जातो. २०१३च्या कायद्याने हे काम करवून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि यातून घरमालक सुटत नाही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. त्या पोराच्या आईला त्यातून काय परत मिळणार?

गाडीवाल्याला आणखी एक विचारा, हा मैला ओतणार कुठे? ओढ्यात किंवा कोणाच्या शेतात, असं उत्तर आलं तर दुसरी गाडी बघा. साताऱ्याच्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने २०१८च्या सुमारास प्रत्येक टाकी तीन वर्षांनी पाळीपाळीने रिकामी करायची व्यवस्था सुरू केली. खर्च करातून भागतो, गाडी दारात आल्यावर वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि मैला प्रक्रिया केंद्रात जातो. आपल्या नगरसेवकाकडे हेच मागा.

जुनं घर विकत घेत असाल तर सौदा ठरण्याआधी टाकीचं झाकण उघडून दाखवायला सांगा. झाकणावर फरशी बसवली असेल, तर फोडायचा आणि पुन्हा बसवायचा खर्च विकणाऱ्याच्या माथी. ‘पंधरा वर्षांत उपसा करावाच लागला नाही’ असं अभिमानाने सांगितलं, तर टाकी बिनतळाची किंवा फुटकी आहे असं धरून नव्या टाकीचे आणि शोषखड्ड्याचे सत्तर-ऐंशी हजार किमतीतून वजा करायला लावा, आणि आवारातल्या विहिरीचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मगच प्या.