दोष पासलीच्या रेंजचा नव्हता

आमच्या टीममध्ये काहीही बिघडलं की आधी पासलीचं नाव निघायचं. मी घरून काम करते आणि घर पासलीला, वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर. (तालुक्याला आता राजगड म्हणायचं.) पावसाळ्यात मढे घाटाच्या अंगाने ढग चढले की आमची रेंज डुगडुगते, हे खरं आहे. तेवढ्या भांडवलावर लीड सरांनी निदान करून टाकलं, ‘तुझ्याकडून डेटा अर्धवट अपलोड होतोय.’

काम होतं शेतमाल खरेदीच्या गावनिहाय हिशेबाचं, कोड पायथनमधला. खडकवासल्याच्या पाण्याकाठी हवेली तालुक्यात गोऱ्हे बुद्रुक आहे, त्या गावाची बेरीज सारखी कमी भरायची. आजूबाजूच्या गावांचा पै न् पै जुळायचा. रेंजमुळे डेटा तुटत असेल तर तो नेमका गोऱ्ह्यापाशीच का तुटतो, असं मी विचारलं. त्यावर उत्तर काय, तर ‘एकदा ऑफिसात येऊन बस, मग बघू.’

सरांना प्रिंट लावून चूक शोधणं म्हणजे कॉलेजातला पोरखेळ वाटायचा. मी लावलेल्या ओळी ते रिव्ह्यूमध्ये ‘कचरा’ असा शेरा मारून काढायला लावायचे. त्याऐवजी त्यांनी स्वतः एक फंक्शन लिहून दिलं होतं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं असा दंडक होता. आत होतं जेसॉनचं डम्प्स, इंडेंट २, आणि मराठी वाचता यावी म्हणून इन्शुअर-आस्की बंद. दिसायला देखणं, खोटं कशाला बोलू. कंस जिथल्या तिथे, एका ओळीला एक गाव, अक्षरं स्वच्छ.

त्याच देखण्या छपाईत गोऱ्हे बुद्रुक दोनदा आलं होतं. मध्ये इतर गावांची लांबलचक यादी, म्हणून कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. पायथनच्या डिक्शनरीत तीच की दोनदा बसूच शकत नाही, दुसरी आली की पहिलीची किंमत बदलते. म्हणजे या दोन वेगळ्या कीज होत्या आणि पडद्यावर अगदी सारख्या दिसत होत्या. मी स्क्रीनशॉट पाठवला. सर म्हणाले, ‘तेच तर सांगतोय, तुझं अपलोड डबल जातंय.’

मग मी सरांचं फंक्शन बाजूला सारलं आणि साधं पीप्रिंट चालवलं. पीप्रिंट सांगितलं नाही तरी कीज क्रमाने लावतं, त्यामुळे दोन्ही गोऱ्हे शेजारी येऊन बसली. एक होतं ‘गोऱ्हे बुद्रुक’. दुसरं छापून आलं ते असं: ‘गोर्\यू२००डीहे बुद्रुक’. दोन्हींची लांबी काढली, तर एकाची १४, दुसऱ्याची १५. बाहेर धो धो पाऊस, दिवे दोनदा जाऊन आलेले, आणि मी घरात एकटीच मोठ्याने हसले. पंधरावं अक्षर काही पासलीच्या ढगांतून टपकलं नव्हतं.

ते अक्षर म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. त्याला रुंदी नसते, म्हणून ते दिसत नाही. ‘गोऱ्हे’मधला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. नीट रीत म्हणजे नुक्तेवाला ऱ आणि हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ थेट मिळतो. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि मागे हा अदृश्य जॉइनर. १९९६ च्या युनिकोड २.० शी जमवून घ्यायचं म्हणून ही दुसरी रीतही मानकात राहिली आहे. दोन माणसांनी दोन कळफलकांवर एकाच गावाचं नाव टाइप केलं आणि संगणकाच्या लेखी दोन गावं झाली.

पीप्रिंटला जे दिसलं ते सरांच्या फंक्शनला का दिसलं नाही? पीप्रिंट आतून रेप्र वापरतं, आणि रेप्र न दिसणाऱ्या अक्षरांना त्यांच्या क्रमांकानिशी उघडं पाडतं. इन्शुअर-आस्की बंद केलेलं जेसॉन तेच अक्षर मुकाट्याने जसंच्या तसं छापतं. अख्खी टीम ज्या खिडकीतून बघत होती तिचीच काच रंगवलेली होती.

हे मी सविस्तर लिहून पाठवलं. सरांनी तासाभरात दुरुस्ती केली: सगळी अदृश्य अक्षरं सरसकट उडवायची. मला विचारलं नाही. जॉइनर उडवला की पापणीचा र जातो आणि ह च्या डोक्यावर रफार चढतो. ‘गोर्हे’ असं तिसरंच गाव यादीत आलं. तेही मीच कळवलं. शेवटी ग्राहकाला गेलेल्या मेलमध्ये ‘आमच्या टीमने मूळ कारण शोधून काढले’ एवढंच होतं. टीमने!

असो. मराठी डेटावर काम करत असाल तर जॉइनर नुसता पुसू नका. र, हलन्त आणि जॉइनर ही तिकडी सापडली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. युनिकोडचं नॉर्मलायझेशन करून हे सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एनएफसी सुट्टा र आणि नुक्ता जोडून ऱ करतं खरं, पण जॉइनरला हात लावत नाही, आणि एनएफकेसीही लावत नाही. त्याहून बरं म्हणजे गावाच्या नावाला की करूच नका. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावागावाला कोड दिलेला आहे, तो वापरा. मी हे पहिल्याच मीटिंगमध्ये सुचवलं होतं.

जेसॉन हे दुसऱ्याला डेटा पाठवायचं माध्यम आहे, तपासणीचं भिंग नव्हे. आकडा १ आणि मजकूर ‘१’ अशा दोन कीज असतील तर ते दोन्ही मजकूर म्हणूनच छापतं. टपलची लिस्ट होते. तारीख आली की ते अडतं, मग लोक डिफॉल्टला एसटीआर देऊन मोकळे होतात, आणि ती तारीख होती की तारखेसारखा दिसणारा मजकूर, हे कळायची सोय राहत नाही. पांडाजचं टेबल तर रेप्रही वापरत नाही. तिथे व्हॅल्यू-काउंट्स काढल्यावर एकच गाव दोन ओळींत दिसलं, तर त्या स्तंभावर आस्की हे फंक्शन चालवा, सोंग लगेच उघडं पडतं.

स्वतःचे क्लास लिहिताना रेप्र लिहा, नाहीतर छापल्यावर मेमरीतला पत्ता तेवढा हाती लागतो. डेटाक्लास वापरलात तर ते आपोआप मिळतं. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगमध्ये नावापुढे बरोबरचं चिन्ह दिलं की नाव आणि किंमत दोन्ही छापून येतात. माझ्या ‘कचऱ्या’त बहुतेक ओळी याच असायच्या. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ऑब्जेक्ट छापलात तर तो उघडून बघताना आत्ताची अवस्था दिसते, छापतानाची नव्हे. बॅकअप घ्या, टेस्ट लिहा वगैरे सगळे सांगतातच.

आणि लॉगमध्ये शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक छापू नका. हे सरांनी सांगितलं होतं, आणि तेवढं मात्र त्यांचं बरोबर होतं.