जुन्या सर्व्हरला नवी डिस्क का चालत नाही?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर 2005 च्या सुमाराचा आहे. त्यातल्या पाच डिस्कपैकी एकीवर पिवळा दिवा लागला आहे. ती 146 जीबीची. दुरुस्तीवाला म्हणतो, तशीच जुनी डिस्क शोधावी लागेल. बाजारात 1 टीबीची नवीकोरी डिस्क मिळत असताना वापरलेल्या डिस्कला पैसे का मोजायचे?

उत्तर : दुरुस्तीवाला तुम्हाला फसवत नाही, हे आधी सांगतो. अशा वेळी जीबीचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. त्या काळच्या सर्व्हरमधल्या 146 जीबीच्या डिस्क बहुतेक अल्ट्रा 320 स्कझी जातीच्या. मागे 80 पिनांचा एकच कनेक्टर. डेटा, वीज, डिस्कचा क्रमांक, सगळं त्यातूनच जातं. आजच्या साटा डिस्कचा कनेक्टरच निराळा, त्यामुळे ती तिथे बसणारच नाही.

पुढच्या पिढीच्या सॅस सर्व्हरमध्ये साटा डिस्क बसते, पण बसली म्हणजे टिकली असं नाही. घरगुती डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, की ती बराच वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. घरी तेच बरं, कारण दुसरी प्रत नसते. सर्व्हरमधल्या अनेक डिस्क एकत्र चालवणारा रेड कंट्रोलर मात्र काही सेकंद वाट बघतो आणि चांगल्या डिस्कलाही बाद ठरवतो. म्हणून सर्व्हरच्या डिस्क सुमारे 7 सेकंदांत हात टेकतात. हरवलेला मजकूर कंट्रोलर बाकीच्या डिस्कवरून जुळवतो.

जुन्या बाजारातही डोळे उघडे ठेवा. काही मोठ्या स्टोरेज यंत्रांतून काढलेल्या डिस्कचे सेक्टर 512 ऐवजी 520 बाइटचे असतात. त्या तशाच लावल्या तर चालत नाहीत. दुसऱ्या कंपनीची ‘146’ काही सेक्टरांनी जरी लहान निघाली, तरी कंट्रोलर ती नाकारतो. 300 जीबीची त्याच जातीची डिस्क सहसा चालते, फक्त वरची जागा वाया जाते. विक्रेत्याकडे ‘ग्रोन डिफेक्ट’चा आकडा मागा. वापरात किती सेक्टर खराब झाले, ते त्यावरून कळतं. आकडा द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका.

खरी भीती वेगळीच आहे. तुमची रचना रेड 5 असेल, तर नवी डिस्क भरताना उरलेल्या चारही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्याही तितक्याच वर्षांच्या. त्यातली एक मध्येच गेली, तर सभासदांची सगळी खाती गेली.

तेव्हा आजच बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. मगच दिवा लागलेली डिस्क ओढा, तीही कप्प्याचा क्रमांक दोनदा पडताळून. डिस्क दोन घ्या, एक राखीव ठेवा आणि येत्या सभेत नव्या सर्व्हरचा ठराव मांडा.